मे महिन्यातले कॉलेज

(आसनगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मे महिन्यात कसाऱ्याहून मुंबईकडे येणाऱ्या लोकलला करवंदांचा वास असतो. खर्डी, आटगाव, आसनगाव अशा स्टेशनांवर ठाकूर, कातकरी बायका पाट्या घेऊन डब्यात चढतात. पाटीत पानांचे द्रोण, काडी टोचून घट्ट केलेले. द्रोणात काळीभोर करवंदे आणि मधूनच चुकून आलेले एखादे लाल. देठाशी पांढरा चीक अजून ओला असतो, म्हणजे फळे सकाळीच काढलेली. ती काढताना काट्यांनी ओरखडलेले हात पाहायचे असतील, तर पैसे देताना समोरच्या हातांकडे लक्ष द्यावे. पुष्कळदा आईच्या मागे पाटीला हात लावायला एक मुलगी असते. तीच मुलगी जूनमध्ये शहापूरच्या सोनुभाऊ बसवंत महाविद्यालयात नाहीतर मुरबाडजवळच्या शिवळ्यात, शांतारामभाऊ घोलप महाविद्यालयात, एफ.वाय.च्या वर्गात बसलेली असते.

तिची उन्हाळी सुट्टी ही अशी. मराठी आत्मचरित्रांतून आणि आठवणींच्या लेखांतून भेटणारी कॉलेजची सुट्टी अगदी वेगळी आहे. तिच्यात वसतिगृहाची गच्ची आहे, टेकडीवरचे फिरणे आहे, नाटकाच्या गप्पा आहेत, पुण्या-मुंबईची हवा आहे. दोन्ही सुट्ट्या खऱ्या. पण पहिलीविषयी फार थोडे लिहिले गेले आणि दुसरीलाच ‘कॉलेजजीवन’ हे नाव मिळाले. आज या दोन्हींविषयी एकत्र बोलायचे आहे. कॉलेजला कुलूप लागल्यावर विद्यार्थी काय करत, कुठे पोहत, कुठे राबत, कुठे गात आणि कोणाशी वाद घालत, हा आजचा विषय आहे. हे सगळे घडायला कॉलेजच्या आवाराने कधी जागा दिली आणि कधी नाही, हेही त्यातच येते.

पहिला दाखला लांब शोधायला नको. श्रोते ज्या प्रकारच्या कार्यक्रमाला आज बसले आहेत, तो कार्यक्रमच उन्हाळी सुट्टीतून जन्मलेला आहे. १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती आजही दरवर्षी एप्रिल-मेमध्ये भरते. हे महिने निवडण्यामागचे व्यवहारी गणित सहज लक्षात येण्यासारखे आहे. कॉलेजे बंद, शाळा बंद, कोर्टांनाही सुट्टी. वकील, मास्तर, विद्यार्थी सगळे मोकळे. दिवसा उन्हाने बाहेर पडवत नाही आणि संध्याकाळी घरात बसवत नाही. अशा वेळी मोकळ्या हवेत बसून कोणाचे तरी विचार ऐकायचे, ते पटले नाहीत तर घरी जाताना रस्त्यात भांडायचे, ही त्या काळातली मोठी करमणूक होती. करमणूक हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. तिकीट नव्हते, परीक्षा नव्हती, हजेरीपट नव्हता. शिवाय भाषणे मराठीत होत. वर्षभर वर्गात इंग्रजी ऐकणाऱ्या तरुणाला अर्थशास्त्रावर आणि समाजसुधारणेवर मराठीतही बोलता येते, हे या मांडवांनी दाखवून दिले.

कसाऱ्याचा घाट चढून नाशिकला गेले, तर तिथे गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात मे महिनाभर व्याख्यानमाला चालते. नदीची पायरी हीच बैठक. ज्यांना कॉलेजचे तोंड पाहायला मिळाले नाही असे कितीतरी लोक तिथे दरवर्षी येऊन बसले. आसनगाव, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात व्याख्यानमाला उशिरा आल्या, पण त्या आल्या त्या याच घराण्यातून.

आता डेक्कन कॉलेजात जाऊ. या संस्थेचे मूळ १८२१च्या पुण्यातल्या संस्कृत पाठशाळेत आहे. १८६४मध्ये तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८मध्ये ती येरवड्याच्या दगडी इमारतीत गेली. तेव्हा ती जागा गावापासून लांब, माळरानावर, नदीजवळ. बाळ गंगाधर टिळक १८७३मध्ये तिथे दाखल झाले आणि पहिले वर्ष त्यांनी तालीम, कुस्ती आणि पोहणे यांतच घातले. प्रकृती किरकोळ होती, ती कमवायची असे त्यांनी ठरवले होते. त्या वर्षीची परीक्षा गेली. पुढे ते बी.ए. पहिल्या वर्गात झाले, पण त्या एका वर्षात कमावलेले शरीर त्यांना मंडालेपर्यंत पुरले. आजच्या पालकांनी ही गोष्ट मुलांना सांगायला कचरू नये.

त्याच आवारातली दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. १८७९मध्ये टिळक कायद्याच्या अभ्यासासाठी आणि गोपाळ गणेश आगरकर एम.ए.साठी तिथेच होते. आगरकरांची गरिबी अशी, की अंगातला एकच सदरा रात्री धुवून वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही आठवण महाराष्ट्र अजून सांगतो. हे दोघे रात्र रात्र बोलत असत. विषय एकच, शिकून सरकारी नोकरी करायची की आपल्या लोकांना शिकवायचे. या बोलण्यातून, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या साथीने, जानेवारी १८८०मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५मध्ये फर्ग्युसन कॉलेज. महाराष्ट्राच्या आधुनिक शिक्षणाचा एवढा मोठा भाग कोणत्याही तासाला ठरला नाही. तो आवारात, चालता चालता, तास नसलेल्या वेळात ठरला. रिकामा वेळ आणि राहायला आवार, एवढेच त्याचे भांडवल होते.

पाण्याकडे वळू. उन्हाळा आणि तारुण्य यांची गाठ महाराष्ट्रात सगळीकडे पाण्याशी पडली. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा नाहीतर सुका भोपळा बांधायचा, थोरल्या भावाने विहिरीत ढकलायचे आणि नाकातोंडात पाणी गेले की पोहणे येऊ लागायचे, ही आपली जुनी रीत. आसनगावच्या बाजूला डब्याची जागा पुढे ट्रॅक्टरच्या ट्यूबने घेतली. भातसा, काळू, शाई या नद्यांचे डोह हेच इथले तरणतलाव. कोणत्या डोहात किती खोल, कुठल्या खडकावरून सूर मारायचा आणि कुठे भोवरा आहे, ही माहिती शाळेच्या भूगोलात नव्हती. ती पोरांकडून पोरांकडे जात राहिली.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने मात्र या पाण्याला कॉलेजच्या आत घेतले. १८५४मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचा बोट क्लब मुळा-मुठेच्या काठी उभा आहे आणि १९२८पासून तिथे ‘रेगाटा’ होत आला आहे. परीक्षा जवळ आलेल्या असतात, ऊन तापायला लागलेले असते आणि काठावर हजारो पुणेकर जमतात. नदीत कयाक आणि पंट रांगा धरतात, बाणाचा आकार करतात, अंधार पडला की पेटत्या मशाली हातात घेऊन रचना होते. वल्ही मारणारी पोरे उद्या पूल आणि धरणे बांधणारी. त्यांना पाण्याची ओढ, पाण्याचा दाब, तोल सुटणे म्हणजे काय, हे आधी हाताला कळलेले असते. पुस्तकातले समीकरण नंतर भेटले तरी चालते. वाईट याचे वाटते की ज्या नदीत हा सोहळा होतो, त्या नदीचे पाणी शहराने अंगाला लावण्यासारखे ठेवलेले नाही.

इथे आसनगावकरांना एक गोष्ट बोचल्याशिवाय राहणार नाही. तानसा धरण १८९२चे. वैतरणेवरचा मोडकसागर १९५७चा. त्यानंतर भातसा. शहापूरच्या डोंगरांतून आणि शेजारच्या खोऱ्यांतून मुंबईची तहान शंभर वर्षांहून अधिक काळ भागते आहे. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहिली जाते. धरण उशाला, कोरड घशाला. पाटीला हात लावणाऱ्या त्या मुलीची सुट्टी पहाटे विहिरीपाशी सुरू होते. तळाशी साचलेले पाणी वाटीने हंड्यात भरायचे, हंडा डोक्यावर घ्यायचा, टेकाड चढायचे आणि पुन्हा उतरायचे. तिच्या वयाच्या मुंबईच्या मुली त्याच पाण्याच्या तलावात उन्हाळी शिबिरात पोहायला शिकत असतात. हा दोष त्या मुलींचा नाही. पण कॉलेजच्या उन्हाळ्याचा इतिहास सांगताना ही नळाची दोन टोके वगळली, तर तो इतिहास खोटा ठरेल.

या भागात कॉलेज कसे आले, तेही पाहायला हवे. रेल्वे फार आधी आली. १८५४मध्ये कल्याण, १८६१मध्ये कसारा. पण रुळांवरून शिक्षण पोचायला आणखी शंभर वर्षे लागली. १९३७मध्ये माटुंग्याला रुईया कॉलेज निघाले, तेव्हा शहापूरच्या मुलाला एकतर मुंबईत कोणा नातलगाकडे राहावे लागे किंवा शिक्षण सोडावे लागे. पुढे कॉलेजे हळूहळू लाइनीवरून इकडे सरकली. १९६५मध्ये उल्हासनगरला चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी कॉलेज, १९६९मध्ये ठाण्याला जोशी-बेडेकर, १९७२मध्ये कल्याणला बिर्ला कॉलेज. मग ती तालुक्याच्या गावात आली. आसनगावात तर पुढे अभियांत्रिकीचे शिक्षणही आले.

अंतर कमी झाले तसा एक बदल झाला, त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. लोकलने कॉलेजला जाणाऱ्या मुलाला आवार मिळालेच नाही. तास संपला की गाडी पकडायची. दोन तास जायला, दोन यायला. त्याचे कॉलेजजीवन डब्यात झाले. पत्ते, भजन, दरवाज्यातला वारा आणि टिटवाळ्याला चढणाऱ्या मुलींकडे न पाहिल्यासारखे करून पाहणे, हीच त्याची करमणूक. मे महिन्यात तीही संपे, कारण पास काढलेला नसे. आवारात राहणाऱ्याची सुट्टी आणि पासवर शिकणाऱ्याची सुट्टी यांत हा मोठा फरक आहे. आपल्याकडच्या बहुतेक पहिल्या पिढीच्या पदवीधरांची सुट्टी दुसऱ्या प्रकारची होती.

ती कशी जायची? राब भाजण्यात. पालापाचोळा, फांद्या, शेण यांचे थर भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पसरून पावसाआधी पेटवायचे. दिवसभर धूर आणि अंगाला राख. शेतकऱ्याच्या घरात बी.ए.च्या मुलाला यातून सूट नव्हती आणि त्याने ती मागूही नये अशी अपेक्षा होती. मग लग्नसराई. वारल्यांच्या लग्नात धवलेरी बसून लग्न लावते, तिच्या गाण्यावाचून लग्न पुरे होत नाही. वर्गात लोकसाहित्याचा पेपर सोडवणाऱ्या मुलीला तो पेपर तिच्याच मांडवात गायला जातो आहे, हे कोणी सांगितले नाही. मे महिन्यात तिच्या हाती एक वही दिली असती, तर कॉलेजला केवढे घबाड मिळाले असते!

संध्याकाळी मात्र क्रिकेट. कापणी झालेली भातखाचरे जानेवारीपासून मोकळी पडलेली असतात. बांध थोडे सपाट केले, मधली पट्टी पाणी मारून चोपली की मैदान तयार. टेनिस बॉल, षटके मोजकी, गावाच्या नावाचा चषक, मांडवात लाउडस्पीकर आणि त्यावर न थांबता चाललेले समालोचन. ठाणे, रायगड, पालघरच्या गावांत या सामन्यांना जी गर्दी होते, ती पाहिल्याशिवाय खरी वाटत नाही. पंच बऱ्याचदा कॉलेजचा मुलगा, कारण नियम त्याला ठाऊक. हिशेब ठेवणारा तोच आणि परवानगीचा अर्ज लिहिणारा तोच. गावाने त्याच्या शिक्षणाचा पहिला उपयोग इथे केला. कबड्डीचे तसेच. दिवसभर तापलेली जमीन निवली की शिंपण करून मैदान आखायचे आणि मध्यरात्रीपर्यंत सामने.

कष्ट करत शिकण्याला ज्यांनी आवारात प्रतिष्ठा दिली, त्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव पहिले. १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था, १९४७मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज आणि तिथे कमवा व शिका योजना. शेतात, बांधकामावर, आवारातल्या झाडांना पाणी घालण्याच्या कामावर विद्यार्थी राबले आणि त्यातून फी व जेवण भागवले. अशा मुलांना सुट्टी म्हणजे पुढच्या वर्षाची बेगमी. घरी जाऊनही कामच करायचे, तर इथेच राहून करू, पुस्तकालय तरी जवळ आहे, असा त्यांचा हिशेब असे. पुढे पुणे विद्यापीठाने ही योजना कर्मवीरांच्या नावाने चालवली. शहापूर-मुरबाडच्या मुलांसाठी ही रीत किती जवळची आहे, ते वेगळे सांगायला नको.

सरकारनेही या वयाच्या सुट्टीकडे लक्ष दिले. राष्ट्रीय छात्रसेना १९४८मध्ये सुरू झाली. चीनच्या युद्धानंतर १९६३मध्ये ती कॉलेजांत सक्तीची झाली आणि १९६८मध्ये ऐच्छिक. त्या काळात खाकी कपडे, जड बूट आणि पहाटेची परेड यांची ओळख पुष्कळांना झाली. मग २४ सप्टेंबर १९६९ला, गांधी शताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत आणि ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. एन.एस.एस.चे शिबिर म्हटले की आजही गावोगावच्या माणसांना शाळेच्या पडवीत झोपलेली, पिठले-भात शिजवणारी आणि रात्री पथनाट्य करणारी पोरेपोरी आठवतात. १९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला, तेव्हा १९७३मध्ये दुष्काळाविरुद्ध युवक या विषयावर देशभर शिबिरे झाली. घाटावर रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणाऱ्यांत कॉलेजात शिकणारी पोरेही होती. एकीकडे शिबिरातला विद्यार्थी पाझर तलावावर घमेले उचलतो आहे आणि दुसरीकडे त्याच्याच वर्गातला दुसरा त्याच कामावर मजुरीने आला आहे, अशी ती दोन वर्षे होती.

या सगळ्यांत एका उन्हाळी शिबिराविषयी सविस्तर बोलायला हवे. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, ते सर्वांना ठाऊक आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळ सोमनाथ इथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली. वेळ निवडली मे महिन्याची. चंद्रपूरचा मे म्हणजे ४५ अंशांच्या घरातले ऊन. त्या उन्हात मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर अशा ठिकठिकाणच्या कॉलेजांतून मुलेमुली आपल्या खर्चाने येत. ओळख नसलेली, जात न विचारलेली.

दिवस पहाटे सुरू होई. उजाडायच्या आत कुदळी-फावडी वाटली जात. बांधावर माणसांची रांग लागे आणि घमेले हातोहात पुढे सरके. रांगेत उभे राहण्याचे एक तंत्र आहे. घमेले नुसते घेऊन चालत नाही, ते घेता घेताच अंग वळवून पुढच्याकडे सोपवायचे असते. थांबलात की हात भरून येतात आणि मागे माती साठते. पहिल्या दिवशी सगळ्यांचेच थांबते. दुसऱ्या दिवशी तळहातांना फोड. तिसऱ्या दिवशी रांगेला ताल सापडतो आणि कोणीतरी गाणे धरते. रांगेत शेजारी उभा असलेला माणूस कुष्ठरोगातून बरा झालेला, बोटे झडलेला शेतकरी असे. त्याच्या हातून घमेले घेताना पहिल्या दिवशी जो संकोच वाटे, तो तिसऱ्या दिवशी राहत नसे. वर्गात वर्षभर समता शिकवून जे होत नाही, ते या तीन दिवसांत होई, असे त्या छावणीहून आलेली माणसे सांगतात आणि ते खरे मानायला हरकत नाही.

ऊन चढले की काम थांबे. दुपारी झाडाखाली बैठक, कोणी कार्यकर्ता बोले, वाद होत. रात्री गाणी. आठवडा संपला की तरुण परत जात. बहुतेक जण नोकरीला लागत, संसार करत. काही मात्र परत गेले नाहीत. डिसेंबर १९७३मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकशाला बाबांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आमटे यांनी तो पुढे चालवला, तेव्हा त्यांच्या बरोबरच्या तरुणांतले काही या छावणीतून आलेले होते. एका सुट्टीने माणसाचे पुढचे चाळीस उन्हाळे ठरवून टाकावेत, असे क्वचित घडते.

आता सुट्टीतल्या भटकंतीसाठी आपल्या माहुलीकडे पाहू. आसनगाव स्टेशनातून उतरले की पश्चिमेला जी भिंत दिसते, ती माहुली, पळसगड आणि भंडारगड या तिन्हींची. उंची २,८१५ फूट. शहाजीराजांनी १६३६मध्ये इथेच मोगल-आदिलशाही फौजांच्या वेढ्याला तोंड दिले. पुरंदरच्या तहात गेलेला हा गड जून १६७०मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी परत घेतला. वजीर, भटोबा, नवरा, नवरी हे त्याचे सुळके. १९५४मध्ये मुंबईत गिरिविहार ही संस्था निघाली आणि कॉलेजातली मुले दोर घेऊन सह्याद्रीत येऊ लागली. शनिवारी रात्रीच्या गाडीने आसनगावला उतरायचे, फलाटावर अंग टाकायचे आणि पहाटे गडाची वाट धरायची. त्यांना वाट दाखवणारा गावातला मुलगा अनेकदा त्यांच्याच वयाचा असे. त्याला सुळक्यांची नावे, पाण्याची टाकी, कुठल्या घळीत मधमाश्या आहेत हे सगळे पाठ. त्याच्या हातात दोर फार उशिरा आला. गड ज्याच्या परसात, त्याच्यासाठी गिर्यारोहण हा खेळ नव्हता, तो जळणाचा रस्ता होता.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर संतापाऊ खंडाळ्याच्या रानात वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना घेऊन हिंडले. त्यातून १९५३मध्ये खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ झाला. सहल, अभ्यास आणि आनंद यांच्यात त्यांनी भिंत घातली नाही. माहुलीचे जंगल खंडाळ्याहून कमी नाही. मोह, पळस, ऐन, सावर, कुडा यांची ठाकरी, कातकरी, वारली नावे आणि औषधी उपयोग ज्यांना ठाऊक आहेत, ते आजे-आजी आपल्या पाड्यांवर अजून आहेत. त्यांची नातवंडे आपल्या कॉलेजांत आहेत.

पण ज्या सुट्टीत हे सगळे घडायचे, ती सुट्टीच आता आटली आहे. मुंबई विद्यापीठात २०११-१२पासून श्रेयांकाधारित सत्रपद्धती आली. पूर्वी मार्च-एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा संपली की जून उजाडेपर्यंत माणूस मोकळा. आता दर सहा महिन्यांनी परीक्षा, त्यात प्रकल्प, अंतर्गत गुण, प्रवेशपरीक्षा. सत्र लांबले की मे महिना त्यातच जातो. याबद्दल नुसती हळहळ करून उपयोग नाही. वार्षिक परीक्षेत वर्षभर टिवल्याबावल्या आणि शेवटच्या महिन्यात घोकंपट्टी होई, तेही चांगले नव्हते. पण सुट्टी लहान झाली, तेव्हा ती कॉलेजने अधिक जपायला हवी होती. झाले उलटे. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की फाटकाला साखळी. पुस्तकालय बंद, मैदान बंद. ज्या मुलाच्या घरात अभ्यासाला जागा नाही, पंखा नाही, वीज टिकत नाही, त्याला नेमके त्याच महिन्यात बाहेर काढले जाते.

शहरातल्या मुलाला उन्हाळ्यात जायला जागा असतात. पोहण्याचे तलाव आहेत, छंदवर्ग आहेत, मॉल आहेत. आसनगावच्या मुलाला एकच मोठी सार्वजनिक जागा आहे आणि ती म्हणजे कॉलेजचे आवार. म्हणून इथल्या कॉलेजने मे महिन्यात फाटक उघडे ठेवावे, अशी या व्याख्यानाची मागणी आहे. तिला फार पैसा लागत नाही. वाचनालय सकाळी सात ते अकरा चालावे, उन्हाच्या आधी. संध्याकाळी मैदान खुले, मुलींसाठी वेळ राखून, कारण गावच्या मैदानावर त्यांची पाळी येतच नाही. पोहणे शिकवायचे तर शिकलेला माणूस नेमून, दोर आणि ट्यूब हाताशी ठेवून. खडवलीला, भातसेच्या काठी, दर उन्हाळ्यात बुडण्याच्या बातम्या येतात आणि त्यात सहलीला आलेली कॉलेजची पोरेच जास्त असतात. धवलेरींची गाणी आणि रानातल्या झाडांची नावे उतरवून घेण्यासाठी त्याच घरातल्या मुलामुलींना वह्या द्याव्यात, आणि कमवा व शिकामधून त्या कामाचे मानधनही द्यावे. म्हणजे करवंदांची पाटी आणि कॉलेज यांतले एक निवडायची वेळ लोकलमधल्या त्या मुलीवर येणार नाही.

आणखी एक नोंद ठेवता येईल. तालुक्यातल्या प्रत्येक पाड्यावरची विहीर १ एप्रिलला किती हात खोल गेली, १५ मेला किती, टँकर कोणत्या दिवशी आला आणि कोणत्या दिवशी आला नाही. हे मोजायला काठी, दोरी आणि वही एवढेच लागते. पाड्यावर राहणारा विद्यार्थी रोज त्या विहिरीवर जातोच. पाच वर्षांच्या अशा वह्या कॉलेजच्या कपाटात जमा झाल्या, तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तालुक्याची तहान किती, हे त्याच तालुक्याच्या मुलांच्या अक्षरात लिहिलेले असेल. मंत्रालयात जाताना हातात निवेदनाबरोबर त्या वह्याही नेता येतील. यंदाचा मे अजून संपलेला नाही. पहिली नोंद उद्या सकाळी करता येईल.